जाब्स्को ट्विस्ट अँड लॉक: मुंबईच्या खाऱ्या, गढूळ पाण्यात हा हातपंपाचा संडास कसा टिकतो

शिडाच्या लहान-मध्यम नौकांवर जाब्स्कोचा हा हातपंपाचा संडास सर्रास दिसतो. आमचं मत आधीच सांगतो: घ्यावा. वीज लागत नाही, सगळे भाग सुटे मिळतात आणि साध्या पान्या-स्क्रूड्रायव्हरनं तो तासाभरात उघडून पुन्हा बसवता येतो. मात्र गेटवेसमोर मूरिंगवर, म्हणजे धक्क्यापासून दूर पाण्यातच बांधून, उभ्या राहणाऱ्या नौकेत तो आपोआप चालत राहील अशी अपेक्षा ठेवू नये. इथलं पाणी वर्षभर कोमट आणि गाळानं भरलेलं असतं, वर प्लास्टिक तरंगत असतं. या तिन्हींचा मार पंपाच्या रबरावर बसतो.

भांडं दोन मापांत येतं. कॉम्पॅक्ट भांडं जागा वाचवतं, पण जागा असेल तर मोठं रेग्युलर भांडंच घ्या. हेलकाव्यात त्यावर बसणं सोपं जातं आणि पाणीही बाहेर उडत नाही. पंप दोन्हींना सारखाच असतो. आत येणारी नळी १९ मिलिमीटरची आणि बाहेर जाणारी ३८ मिलिमीटरची.

पंपाचं काम एकदा नीट समजून घ्या. दांडा वर ओढला की खालचा कप्पा भांड्यातली घाण ओढतो आणि वरचा कप्पा धुण्याचं पाणी भांड्यात सोडतो. दांडा खाली दाबला की घाण बाहेर ढकलली जाते आणि वरचा कप्पा समुद्राचं पाणी ओढून घेतो. म्हणून खाली दाबताना दांडा जड गेला तर अडथळा दोनपैकी एका ठिकाणी असतो: बाहेर जाणाऱ्या वाटेत किंवा आत येणाऱ्या वाटेत. पंपावरची कळ ‘ड्राय’वर फिरवा, म्हणजे समुद्राचं पाणी ओढणं थांबतं. दांडा हलका झाला तर बहुधा आत येणाऱ्या पाण्याचा सीकॉक (नौकेच्या तळाला बसवलेला बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह) बंद राहिलेला असतो किंवा नौकेच्या तळाशी पिशवी चिकटलेली असते. तसाच जड राहिला तर बाहेरची नळी, बंद व्हॉल्व्ह किंवा मैला साठवायच्या टाकीची हवानळी तपासा. दोन्ही दिशांना सारखाच कोरडा, करकरता वाटला तर पंपाच्या दट्ट्यावरच्या रबरी कड्याला, म्हणजे ओ-रिंगला, ग्रीस हवं आहे. खाद्यतेल ओतल्यानं दोन-चार दिवस बरं वाटतं, पण खरा इलाज सिलिकॉन ग्रीस. पेट्रोलियम ग्रीस लावू नका, त्यानं रबर फुगतं.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती भांडं हळूहळू भरत असल्याची. पाणी घाण असेल तर जोकर व्हॉल्व्ह गेला. बाहेरच्या तोंडाशी चोचीसारखं रबर असतं ते हेच. त्यावर क्षार बसला किंवा त्याची चीर उघडी राहिली की नळीतलं पाणी मागे येतं. बसवताना चोच बाहेरच्या नळीकडे हवी. भांड्यात येणारं पाणी स्वच्छ असेल तर ते समुद्राकडून येतंय, आणि ही गोष्ट जास्त गंभीर आहे. भांडं पाण्याच्या पातळीखाली असेल तर सायफनमुळे नौकेत पाणी भरू शकतं. त्यासाठी हवेचा व्हॉल्व्ह असलेलं उलट्या ‘यू’च्या आकाराचं वळण लागतं. नौका कलल्यावरही ते पाण्याच्या पातळीपेक्षा किमान २० सेंटिमीटर वर राहिलं पाहिजे. आतल्या वाटेवर हे वळण सीकॉक आणि पंपाच्या मध्ये टाकू नका, पंप हवा ओढत बसेल. पंप आणि भांडं यांना जोडणारी आखूड नळी काढा आणि तिच्या जागी लांब नळीचं वळण द्या.

दांड्याभोवती वरून पाणी झिरपत असेल तर कितीही आवळून उपयोग नाही, तिथला सील बदलावा लागतो. सुट्या भागांचं किट २९०४५-३००० या क्रमांकाचं आहे. जुन्या मॉडेलचं किट वेगळं आणि ते इथे बसत नाही, म्हणून आधी आपला पंप बघा. एक किट कायम नौकेवर ठेवा. नळ्या आवळायच्या क्लिपा मात्र मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. स्टेनलेस ३१६ मागा आणि प्रत्येक जोडावर दोन-दोन लावा. पंप उघडण्याआधी दोन्ही सीकॉक बंद झाल्याची खात्री करून घ्या, यात हयगय नको.

आता क्षार. समुद्राच्या पाण्यातला कॅल्शियम आणि लघवी एकत्र आली की नळीच्या आत दगडासारखा थर बसतो. ३८ मिलिमीटरची नळी पाहता पाहता २५ची होते, आणि मग लोक पंपाला दोष देतात. एक मीटर नळीत सुमारे १.१ लिटर मावतं. म्हणजे टाकीपर्यंत दोन मीटर नळी असेल तर भांडं रिकामं दिसल्यावरही सव्वादोन लिटर पाणी पुढे ढकलायला हवं, नाहीतर घाण नळीतच राहते. किती दांडे मारायचे ते मोजून ठेवा: भांड्यात एक लिटर पाणी ओता, ‘ड्राय’वर उपसा आणि दांडे मोजा. आठवड्यातून एकदा लिटरभर पांढरं व्हिनेगर सोडून रात्रभर राहू द्या. थर जुना असेल तर नळी काढून धक्क्यावर आपटा, पापुद्रे सुटून पडतात. संडास साफ करायचं ॲसिड पातळ करून चालतं, पण त्याच्या जोडीला ब्लीच कधीही नको, विषारी क्लोरीन वायू होतो. ब्लीच जोकरच्या रबरालाही घातक आहे.

टाकीबद्दल. ५० लिटरची टाकी चार माणसांना साधारण एक दिवस पुरते: एका वेळी अडीच लिटर धरले तर वीस वेळा. वास येत असेल तर आधी हवानळी पाहा. तिचं जाळीचं तोंड मीठ किंवा किड्यांनी बुजलं की टाकीत हवा जात नाही आणि सडण्याचा वास वाढतो. पंप जड होतो आणि उपसताना टाकी आत ओढली जाते. शक्य असेल तर १६ऐवजी २५ मिलिमीटरची हवानळी घाला, तीही सरळ आणि वर चढती. नळीतूनच वास पाझरतोय का हे पाहायला गरम ओलं फडकं तिच्यावर घासा आणि हुंगा. फडक्याला वास लागला तर नळी बदलायला झाली. मैला बारीक करून टाकी रिकामी करणारा मॅसरेटर पंप मात्र कोरडा चालवू नका, त्याचा रबरी इम्पेलर (आतला फिरता पंखा) पटकन जळतो.

मूरिंगवर पंप-आउटची, म्हणजे धक्क्यावरून टाकी उपसून घेणारी, नळी पोहोचत नाही, त्यामुळे टाकी रिकामी करायला बाहेर समुद्रात जावं लागतं. जहाजांमुळे होणाऱ्या सागरी प्रदूषणाविरुद्धच्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या परिशिष्टात प्रक्रिया न केलेल्या मैल्यासाठी किनाऱ्यापासून १२ सागरी मैल हे अंतर आहे. तो नियम ४०० टनांवरच्या किंवा १५पेक्षा जास्त माणसांच्या जहाजांसाठी असला तरी लहान नौकेनंही हेच माप धरावं. बंदरात, कुलाब्याच्या कोळ्यांच्या जाळ्यांशेजारी टाकी सोडणं अक्षम्य आहे.

पावसाळ्यासाठी नौका वर काढण्याआधी दहा-बारा लिटर गोडं पाणी पंपातून फिरवा, मग व्हिनेगर, मग पुन्हा गोडं पाणी. सगळं निथळू द्या आणि ग्रीस लावून दांडा खाली ठेवा. नवा जोकर मे महिन्यात बसवू नका. नौका पुन्हा पाण्यात जायच्या आठवड्यात बसवा, म्हणजे चार महिने कोरड्या पडलेल्या पंपात त्याच्या चोचीचा आकार बिघडत नाही.