कोकणात घर: जुनं कौलारू घ्यावं की नवं स्लॅबचं बांधावं?

गुहागर, दापोली, राजापूर या पट्ट्यात घर करायचं म्हटलं की शेवटी दोन वाटा उरतात. कुणाचं तरी बंद असलेलं जांभ्याचं कौलारू घर घेऊन ते उभं करायचं, नाहीतर बिनशेती प्लॉट घेऊन स्लॅबचं नवं बांधायचं. आम्ही दोन्हीकडची बोलणी बरीच पुढे नेली आणि गुहागर तालुक्यात जुनं घेतलं. सगळ्यांनी तेच करावं असं मी म्हणणार नाही, कारण एका बाबतीत नवं घर निर्विवाद पुढे आहे.

ती बाब म्हणजे कागद. बिनशेती प्लॉटच्या सातबाऱ्यावर सहसा एकदोनच नावं असतात आणि बँकही कर्जाला फार आढेवेढे घेत नाही. जुन्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला एकाच्या नावावर, खालची जमीन सातबाऱ्यावर वीस-बावीस जणांची सामाईक, त्यातले निम्मे मुंबईला, दोघंतिघं वारलेले आणि वारसनोंद राहिलेली, असं चित्र फार ठिकाणी दिसतं. ‘असेसमेंट माझ्या नावावर आहे’ असं विकणारा मनापासून सांगतो, पण तो उतारा घरपट्टीचा. त्याने मालकी सिद्ध होत नाही. कधी घर एकाचं आणि जमीन भलत्याचीच निघते. लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्याही बघून घ्या. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, त्यामुळे ‘त्या काही बोलायच्या नाहीत’ या शब्दावर व्यवहार करू नये. नोंदणीकृत हक्कसोडपत्र, वकिलाकडून मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा शोध आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, एवढं झाल्याशिवाय विसार देऊ नका. ज्या घरावर आमचा जीव जडला होता, ते एका हिस्सेदाराच्या सहीवाचून सोडावं लागलं.

घर गावठाणात असेल तर बरंच सोपं. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली आहे आणि मिळकत पत्रिका हातात येऊ लागल्या आहेत. शेतजमिनीतलं घर असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय खरेदी होत नाही. अगदी समुद्राकाठी मात्र पारडं फिरतं. तिथे सीआरझेडमुळे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांमुळे, नव्या बांधकामाला बंधनं असतात, आणि जुन्या अधिकृत घराची आहे त्याच जोत्यावर दुरुस्ती करणं त्या मानाने सुकर जातं.

आता ज्या एका गोष्टीने आमचा निर्णय झाला ती सांगतो: स्लॅबवरचा पत्रा.

चिपळूणहून गुहागरकडे येताना दुतर्फा नवी घरं नीट पाहा. चांगली आरसीसी, रंग दिलेली, पुढे कमानीचा व्हरांडा, आणि वर लोखंडी पाइपांवर निळा नाहीतर लाल पत्रा. त्यामागची कहाणी सगळीकडे एकच ऐकायला मिळते. स्लॅब घातला, दोनतीन पावसाळे गेले, गळायला लागला. वॉटरप्रूफिंग केलं, पुन्हा गळला, मग शेवटी शेड. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यात सपाट छप्पर कोरडं ठेवायचं तर काम फार काळजीने व्हावं लागतं, आणि तितकी काळजी घेणारा ठेकेदार गावात मिळेलच याची खात्री कोण देणार? म्हणजे छपराचा खर्च दोनदा. पत्र्याखाली सुपारी आणि कोकमं वाळत घालायला छान जागा मिळते हे खरं, पण त्यासाठी कुणी मुद्दाम स्लॅब घालत नाही.

जागा शोधत होतो तेव्हा अशाच एका नव्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. आषाढात पंख्याच्या हुकापाशी वाटीएवढा डाग दिसला. गवंडी गच्चीवर जाऊन आला. बरोबर त्या जागेच्या वर कोब्याला केसभरही चीर नव्हती. पाणी शिरत होतं पलीकडच्या कोपऱ्यात, टाकीच्या पायाशी, आणि आतल्या आत वाट काढत खोलीच्या मध्यावर उतरत होतं. टाकीपाशी रसायन ओतलं तर डाग कपाटाच्या बाजूला सरकला. पुट्टीचे पोपडे सुटले, पांढरा लोणा धरला, आणि श्रावण सरेपर्यंत तो पंखा लावायची सोय राहिली नाही. मालक भला माणूस, हात आखडता घेत नव्हता. पण दुखणं कुठे आहे तेच कळत नव्हतं.

कौलारू घर गळत नाही असं नाही. वानरांच्या उड्यांनी कौल सरकतं, फुटतं, वाऱ्याने झड आत येते. पण थेंब पडतो त्याच्या जरा वरच्या अंगाला पाहिलं की उजेडाची फट दिसते. माळ्यावर चढून काठीने कौल वर रेटलं की बसतं. फुटलं असेल तर उघडीप मिळेपर्यंत खाली बादली ठेवायची आणि मग बदलायचं. त्यासाठी पाडलेल्या घरांची मंगलोरी कौलं शंभरेक आणून ठेवा, आणि आपल्या छपरावर ज्या कारखान्याचा शिक्का आहे त्याचीच घ्या. दुसऱ्याची खाच बसत नाही आणि तिथूनच पाणी येतं. मे महिन्यात शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौलं नीट लावून घ्यायला, माणसं मिळणं वर्षागणिक अवघड होत चाललंय, हा जुन्या घराचा खरा जाच आहे. वादळाचंही तसंच. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे कौलं आणि पत्रे उडाले तेव्हा स्लॅबवाले निर्धास्त होते, हे मान्य करायला हवं.

खर्चाबद्दल नेमकं सांगणं कठीण. नव्याचा अंदाज पुष्कळसा बरोबर निघतो, जुन्याचा निघत नाही. हातात येईल त्या आकड्याची दीडपट धरून चाला. सगळ्यात मोठा खर्च छपराच्या लाकडाचा असतो, म्हणून लाकूड तेवढं जीव लावून पाहा. लांबून आढ्याची, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या आडव्या लाकडाची, रेष बघा, मध्येच बसलेली असेल तर बहुधा अख्खं छप्पर उतरवावं लागेल. वाशांची भिंतीवर टेकलेली टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. मधला वासा ठणठणीत आणि टोक भुसभुशीत, असं हमखास आढळतं. घर बंद पडलं की चूल विझते, लाकडाला लागणारा धूर थांबतो आणि वाळवी, भुंगा यांना मोकळं रान मिळतं. म्हणून वरवर डागडुजी केलेल्या पण दहा वर्षं कुलूप असलेल्या घरापेक्षा, जिथे कुणी आजी अगदी अलीकडेपर्यंत चुलीवर भात शिजवत होत्या ते काजळलेलं घर मी आधी पाहीन. चांगल्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल द्या, वाळवी लांब राहते.

भिंतींचं फार भय बाळगू नका. जांभा खाणीतून निघाल्यावर हवेने कठीण होत जातो, आणि मातीत रचलेल्या जाड भिंती एक वेळ छपरापेक्षा जास्त टिकतात. फक्त त्यांना सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते. आमच्या माजघराला आधीच्या मालकांनी तो केलेला होता. तो खरवडून चुन्याचा केल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात कुबट वास गेला. संडास-न्हाणीघर मात्र मागच्या पडवीला लागून नव्या पायावर वेगळं बांधा, जुन्या भिंतीत पाइप घालू नका.

घरात गुडघे दुखणारी माणसं असतील तर उंच उंबरे आणि जोत्याच्या पायऱ्या रोज जाणवतील. घर वर्षातले आठ-दहा महिने बंदच राहणार असेल आणि गावात लक्ष ठेवणारं कुणी नसेल, किंवा कर्जाशिवाय जमणार नसेल, तर नवंच बांधा, आणि उतरतं छप्पर पहिल्यापासूनच नकाशात धरा.

बाकीच्यांनी जुनं घर बघायला मे महिन्यात न जाता जुलैत जावं. माळ्यावर चढा, बॅटरी विझवा आणि कुठून उजेड येतो, कुठे थेंब पडतो ते पाहा. येताना ताजा सातबारा काढून आणा. आढं सरळ असेल, नावं दहाच्या आत असतील आणि ती सगळी माणसं सही करायला तयार असतील, तर माझ्या मते प्लॉट शोधत बसायची गरज नाही.