वर्गखोलीतली बालवाडी की अंगणातली?

आमच्या घरात दोन्ही झालं. मुलगी तीन वर्षं खोलीतल्या बालवाडीत गेली, तिच्याहून चार वर्षांनी धाकटा असलेला मुलगा अंगणातल्या. दोन्ही नाशिकमध्येच, मराठी माध्यमाच्या, आणि दोन्हीकडे ताया मन लावून काम करणाऱ्या. घोकंपट्टी नको, मुलाच्या कलाने जाणारी बालवाडी हवी, एवढं तुमचं ठरलेलं असेल आणि आता दोन चांगल्या जागांपैकी एक निवडायची असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी खोलीची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांच्या बालशिक्षण पद्धतीतल्या साधनांना सपाट फरशी लागते. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा आणि सगळ्यात छोटा एका सेंटिमीटरचा. साडेतीन वर्षांची असताना माझी मुलगी ते रचण्यात आणि उतरवण्यात अर्धा अर्धा तास रमायची. अंगणात चटई अंथरली तरी खाली एखादा खडा असतोच, आणि मनोरा मध्यावर आला की कलतो. खरखरीत अक्षरांचे पुठ्ठे पावसाळी हवेत वाकतात. खोलीत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, मूल ती स्वतः काढतं, स्वतः परत ठेवतं. त्या शिस्तीने मुलीचा हात लवकर स्थिर झाला. मुलगा स्वतःचं नाव लिहायला तिच्यापेक्षा साधारण सहा महिने उशिरा लागला. दोन मुलं सारखी नसतात हे मान्य, तरी त्यात जागेचाही वाटा असावा असं मला वाटतं.

अंगणात क्रम लावणं, वर्गवारी करणं, मोजणं हे सगळं होतंच, फक्त चिंचोके, पानं, खडे, काड्या घेऊन. आणि हे काही नवं फॅड नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करून आल्या होत्या, मॉन्टेसरी पद्धत त्यांना आतून माहीत होती. १९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत आल्या. महागडी साधनं त्या भागात परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानाफुलं हीच साधनं झाली. त्यांच्याकडे दोन प्रकार होते, एक केंद्रवर्ती बालवाडी आणि दुसरी अंगण बालवाडी. मुलं केंद्रापर्यंत येईनात, तेव्हा शिक्षिकाच वस्तीतल्या अंगणात जाऊन बसल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली, गुरं जिथे चरतात तिथेच शाळा. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांचं नाव अंगणवाडी पडलं. आज त्यातल्या कित्येकींना अंगणच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता माझा निर्णय ज्या एका गोष्टीने झाला, ती सांगतो. आवाज.

मुलीच्या बालवाडीची खोली ऐसपैस होती. खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, भिंती कोऱ्या. चोवीस मुलं आपापल्या कामात असायची, कुणीही दंगा करत नसायचं. तरी खुर्ची सरकली, डबा पडला, कुणी हाक मारली की तो आवाज घुमत राहायचा. मग शेजारचं मूल थोडं मोठ्याने बोलायचं, त्याच्या शेजारचं आणखी थोडं, आणि शेवटी ताईंना सगळ्यांच्या वर आवाज काढावा लागायचा. मुलगी घरी आली की पहिला तासभर ओरडूनच बोलायची. मिक्सर लावला की कानांवर हात ठेवायची. आज काय केलंस विचारलं की कितीतरी दिवस एकच उत्तर मिळायचं, ‘आवाज झाला.’

मला सगळ्यात लागलं ते शांततेच्या खेळाचं. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीतला हा फार सुंदर भाग आहे. सगळ्यांनी स्थिर बसायचं, आणि मग बारीक आवाज कानावर येऊ लागतात. त्या खोलीत मात्र तो गलक्याला घालायचा रोजचा लगाम झाला होता. गलका वाढला की शांततेचा खेळ, दिवसातून तीनदा, चारदा. मुलांच्या लेखी त्याचा अर्थ ‘गप्प बसा’ एवढाच उरला. यात ताईंचा दोष मी धरत नाही, त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं.

मुलाच्या बालवाडीत हाच खेळ कडुनिंबाखाली व्हायचा. तिथे बोललेलं हवेत विरून जायचं, ताई बसल्या जागेवरून नेहमीच्या आवाजात बोलायच्या. आणि मुलं शांत बसली की ऐकायला काहीतरी असायचं. एकदा घरी येऊन त्याने यादीच सांगितली: गिरणीचा पट्टा, कुणाच्या तरी कुकरच्या दोन शिट्ट्या, खार, आणि ‘पान पडलं तेपण’.

अंगणाचे त्रास आहेतच. एप्रिलमध्ये दहा वाजल्यानंतर बाहेर बसवत नाही. मुंग्या चावतात, कपड्यांवरची माती निघत नाही. पावसाळ्याचे चार महिने सगळा कारभार पडवीत. पडवीवर पत्रा होता, जोराची सर आली की काहीच ऐकू यायचं नाही. मग ताई काम थांबवून मुलांसोबत पाऊस बघत बसायच्या. त्या आवाजाने मुलगा कधी कातावला नाही. पण पटकन आजारी पडणारं मूल असेल किंवा कामासाठी त्याला बंदिस्त कोपरा लागत असेल, तर खोलीच बरी, असं मी आमच्या नात्यातल्या एकांना सांगितलंही.

खरं तर मॉन्टेसरीबाईंनाही खोली बंद नकोच होती. १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांनी पहिली बालशाळा उघडली, तिला अंगण होतं. खोलीतून थेट बागेत जाता यावं आणि मुलांनी हवं तेव्हा जावं-यावं, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून बघायला जाल तेव्हा अंगण आहे का एवढंच विचारू नका. दार मुलाच्या मनाने उघडतं की तासिकेच्या घंटेने, ते विचारा. तासिकेने उघडत असेल, तर ते खेळाचं मैदान झालं, शिकायची जागा झाली नाही. वाळूचा हौद रात्री झाकतात का बघा, नाहीतर मांजरं घाण करतात. साडेदहाला सावली कुठे असते आणि अंगणातून संडास किती लांब आहे, हेही बघा.

आणि पालकांसाठी ठेवलेल्या खास दिवशी जाऊ नका. साध्या दिवशी, दहाच्या सुमारास जा, खोलीच्या दाराशी दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहा. आवाज घुमत असेल आणि घराजवळची, परवडणारी तीच एक बालवाडी असेल, तर सतरंज्या, जाड पडदे आणि खुर्च्यांच्या पायांना कापडी बूच एवढं तरी करायला सांगून बघा. मुलीच्या वेळी मला हे सुचलं नाही. मुलाच्या वेळी आम्ही जुलैत, भर पावसात पडवी बघून आलो आणि जानेवारीत अर्ज भरला.