लिबरेटर, व्हेंजन्स, टेम्पेस्ट: तीन जुनी किट्स, एका डायवाल्याच्या नजरेनं

जुनी प्लॅस्टिकची विमानं जमवणारे बहुतेकजण आधी बॉक्स बघतात. चित्र कसं आहे, कोपरे शाबूत आहेत का, झाकणाचा रंग उन्हानं उडालाय का. मी आधी पंखाचा भाग खिडकीशी तिरका धरतो आणि त्यावरचा उठाव बघतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात उमेदवारीपासून डाय-मोल्डवर काम केलंय, त्यामुळं किट हातात आलं की विमानाच्या आधी मला त्याचा साचा दिसतो. हा रिव्ह्यू त्याच नजरेनं लिहितोय.

किट्स तीन, तिन्ही 1/72 स्केलची, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढी. एअरफिक्सचं बी-24 लिबरेटर, फ्रॉगच्या साच्यातलं व्हल्टी व्हेंजन्स आणि मॅचबॉक्सचं हॉकर टेम्पेस्ट. निवडीमागं कारण एकच, ही तिन्ही विमानं भारतीय हवाई दलानं उडवली आहेत. स्पिटफायर आणि मेसरश्मिटवर जगभर ढिगानं लिहिलं जातं. आपल्या वैमानिकांनी उडवलेल्या विमानांची किट्स उघडून मराठीत कुणीतरी सांगायला पाहिजे, असं मला कधीपासून वाटत होतं.

आधी साच्याची एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. साच्यात जे खोल असतं ते भागावर वर येतं, आणि साच्यात जे वर असतं ते भागात खोल जातं. पोलादात टोकदार हत्यारानं रेघ ओढली की विमानावर उठावाची रेघ मिळते. ठिपका पाडला की रिव्हेट, म्हणजे पत्रा जोडणाऱ्या खिळ्याचं डोकं, मिळतो. पण विमानावर खाच हवी असेल तर साच्यात बारीक धार उभी ठेवायची आणि तिच्या दोन्ही बाजूंचं सगळं पोलाद उतरवायचं, शिवाय पॉलिश करताना ती धार मोडू द्यायची नाही. म्हणून 1950 आणि 60 च्या दशकांतल्या बहुतेक किट्सवर रेघा आणि रिव्हेट उठावाचे आहेत. लोक याला आळस म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. कॉम्प्युटर नव्हता, कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशिन नव्हतं. मोठ्या आकाराचा नमुना हातानं घडवायचा आणि पँटोग्राफवर तो लहान करत साचा कोरायचा. हे काम करणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता लिबरेटर. एअरफिक्सचं पहिलं विमान म्हणजे 1950 च्या दशकातलं छोटं स्पिटफायर. इंग्लंडात वूलवर्थच्या दुकानांत ते पिशवीत घालून दोन शिलिंगला विकायचे. दहाएक वर्षांत हीच कंपनी चार इंजिनांच्या बाँबरपर्यंत पोचली, कारण लिबरेटर 1963 चं आहे. माझी प्रत ताराबाई पार्कातल्या एका घरातून मिळाली. घरातले थोरले व्यापारी जहाजावर होते, त्यांनी परदेशातून आणलेलं किट माळ्यावर तसंच राहिलं होतं. जोडल्यावर पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेशेहेचाळीस सेंटिमीटर भरतं. काचेच्या कपाटात ठेवायचं तर आधी कपाट मोजून घ्या.

या किटची ओळख म्हणजे रिव्हेट. पंख, धड, शेपटी, जिथं बोट फिरवाल तिथं खरखर लागते. भिंगाखाली पट्टी ठेवून बघितलं तर एका रिव्हेटचं डोकं साधारण 0.3 मिलिमीटर आहे. बहात्तरनं गुणा, म्हणजे खऱ्या विमानावर ते जवळजवळ बावीस मिलिमीटरचं झालं. एवढ्या डोक्याचे रिव्हेट विमानाला कुणी मारत नाही. तरीही मी ते सगळे घासून काढणार नाही. पंखाच्या पुढच्या कडेवरचे तेवढे हजारच्या वॉटर पेपरनं पाण्यातून हलके खाली आणलेत, बाकीचे ठेवलेत. 1963 सालची घडण त्यातच आहे, ती पुसली तर जुनं किट घेण्याला काय अर्थ राहिला?

जोडणीत एक सांभाळा. लिबरेटर पुढच्या चाकावर उभं राहतं, त्यामुळं नाकात वजन नसेल तर मॉडेल शेपटीवर बसतं. मी धड चिकटवायच्या आधी नाकात बेअरिंगच्या गोळ्या अ‍ॅरल्डाइटमध्ये बसवल्या. भरपूर घाला. नंतर आत हात जात नाही.

आणि हे विमान आपलं कसं? महायुद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर विमानं निकामी करून टाकून दिलेली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातली चाळीसच्या आसपास पुन्हा उडती केली, आणि हवाई दलानं ती 1968 पर्यंत वापरली. जगात इतरांनी हे विमान कधीच सोडून दिलं होतं. त्यातलंच एक 1974 मध्ये ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला भेट गेलं. भंगारातून इंजिनं आणि सांगाडे निवडून विमान उडवणारे ते फिटर, टर्नर आपल्याच धंद्यातले. हे किट मी त्यांच्यासाठी बांधतोय. बाहेरचा गोल केशरी, मधला पांढरा, आतला हिरवा, असं आपल्या हवाई दलाचं चिन्ह मी वेगळ्या डेकल शीटवरून, म्हणजे पाण्यात सोडवून चिकटवायच्या छापील चित्रांवरून, घेतलंय.

व्हेंजन्सची गोष्ट वेगळी. फ्रॉग हे नाव एअरफिक्सहून जुनं, 1936 मध्येच ‘पेंग्विन’ नावानं त्यांनी प्लॅस्टिकची किट्स काढली होती. 1970 च्या दशकाच्या मध्यावर धंदा बंद पडला आणि फ्रॉगचे बरेचसे साचे सोव्हिएत युनियनला गेले. जर्मन आणि जपानी विमानांचे साचे मात्र तिकडं गेले नाहीत, ते रेव्हेल या दुसऱ्या किट कंपनीकडं आले. तिकडं गेलेल्या साच्यांतून आधी नोवो नावानं माल निघाला आणि नंतर नाव-गाव नसलेल्या पाकिटांतून. माझी प्रत त्या शेवटच्या प्रकारातली आहे, पाकिटावर कारखान्याचा पत्ता नाही.

साच्याचं वय या भागांवर सरळ वाचता येतं. हजारो वेळा उघडझाप झाली की पार्टिंग लाइनची, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथं मिटतात तिथली, कड मरते, दोन अर्धुकं घट्ट मिटत नाहीत आणि प्लॅस्टिक फटीतून बाहेर येतं. तीच फ्लॅश. चाकांच्या दांड्यांना कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ फ्लॅश आहे. नवीन ब्लेड घ्या आणि भाग रनरवर, म्हणजे सगळे भाग धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर, असतानाच ती खरवडून काढा, दांडी तोडल्यावर हातात धरवत नाही. जाड भागांवर प्लॅस्टिक थंड होताना आत ओढलं जाऊन सिंक मार्क पडलेत, तिथं पुट्टी लागेल.

पण मूळ घडण बघा. बारीक, हलक्या उठावाच्या रेघा, आणि पंखाची ती विचित्र मोडलेली कड हुबेहूब. हे डाइव्ह बाँबर. सरळ खाली झेपावताना भरकटू नये म्हणून पंख धडाला शून्य कोनात बसवलेला, त्यामुळं सरळ उडताना याचं नाक वर राहायचं. आपल्या 7 आणि 8 नंबरच्या स्क्वाड्रननी 1943-44 मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हेच विमान चालवलं. मोठ्या कंपन्या ज्या विमानाकडं फिरकत नव्हत्या, त्याचा साचा फ्रॉगनं केला. या एका गोष्टीसाठी फ्रॉग मला तिघांत सगळ्यात मोठा वाटतो.

टेम्पेस्टवर थोडक्यात, कारण ते सरळ चांगलं आहे. मॅचबॉक्स म्हणजे छोट्या धातूच्या गाड्या करणारी लेस्नी कंपनी. किट्समध्ये ती 1970 च्या दशकात उतरली आणि वेगवेगळ्या रंगांच्या प्लॅस्टिकचे भाग द्यायला लागली, पोरांनी रंगवलं नाही तरी चालावं म्हणून. इथं रेघा खाचेच्या आहेत, म्हणजे मघाशी सांगितलेलं अवघड काम. काही मॅचबॉक्स किट्सवर त्या इतक्या खोल आहेत की शौकीन त्यांना चर म्हणतात. टेम्पेस्टच्या बॉक्समध्ये दोन प्रकारची नाकं येतात. आपल्याला पाहिजे ते गोल इंजिनाचं, मार्क 2. हेच विमान 1947-48 मध्ये काश्मीरच्या लढाईत होतं. खरं टेम्पेस्ट आणि खरं लिबरेटर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात बघायला मिळतं, रंगवायच्या आधी फोटो काढून आणा.

कोल्हापूरच्या पावसाबद्दल सांगायलाच पाहिजे. जून ते सप्टेंबर बॉक्सचा पुठ्ठा ओल धरतो आणि कसर लागते. पॉलिस्टायरीनला काही होत नाही, डेकलची वाट लागते. सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा. पिवळी पडलेली डेकल शीट झिपच्या पिशवीत घालून एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीला लावा, पिवळेपणा उतरतो. पाण्यात सोडण्याआधी वरून क्लिअर लॅकरचा एक हात द्या, नाहीतर जुनं डेकल तुकडे तुकडे होतं. गाडीच्या रंगाचा कडक थिनर वापरू नका, तो प्लॅस्टिक खातो. कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच, फेविक्विकनं चिकटवू नका, वाफेनं पांढरी पडते. साधं फेविकॉल उत्तम.

विकत घेताना ‘सीलबंद’ या शब्दावर जाऊ नका. प्लॅस्टिकचं आवरण कुणीही पुन्हा चढवू शकतं. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सीलबंद म्हणून आलेल्या व्हेंजन्समध्ये कॅनॉपीच नव्हती, आणि पैसे परत मिळाले नाहीत. आतल्या रनरचे फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

पहिल्यांदाच जुनं किट घेणार असाल तर टेम्पेस्ट घ्या, बसतं चांगलं आणि वेळेत पूर्ण होतं. लिबरेटरला जागा आणि सवड पाहिजे, पण उभं राहिल्यावर बघत बसावं असं आहे. व्हेंजन्स ब्लेड आणि पुट्टीचा हात बसलेल्यानं घ्यावं. मिळालं तर नोवोपर्यंतची आधीची प्रत बघा, साचा तेव्हा कमी झिजलेला होता.

न आलेल्या त्या कॅनॉपीसाठी मी दुसऱ्या प्रतीवरून मापं घेऊन अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा करून ठेवलाय. पारदर्शक पीईटी शीट गरम करून त्यावर ओढली की नवीन कॅनॉपी निघते, मूळ भागापेक्षा पातळ आणि स्वच्छ. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीत कुणाकडं कॅनॉपी नसलेलं व्हेंजन्स पडून असेल तर घेऊन या, काढून देतो.