आमच्या गावची अंगणवाडी: चार महिने, पाच दुखणी

माझ्या लेकीला, चिऊला, अंगणवाडीत घातलं आणि नवव्या दिवशी तिचं नाक वाहू लागलं. ते पोळ्यापर्यंत पुरतं कोरडं झालंच नाही. जूनच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत पाच दुखणी झाली: दोनदा सर्दी-ताप, एकदा हगवण, एकदा हातापायांवर आणि तोंडात फोड, आणि शेवटी तीन आठवडे रेंगाळलेला खोकला. तरी मी तिला काढलं नाही. गावातल्या तिघीचौघी मला विचारतात की पुढच्या जूनमध्ये आपलं लेकरू तिथं घालावं का. त्यांच्यासाठी हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. घरी कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. मी गावातच ऑनलाइन अर्जांचं केंद्र चालवते, सातबाऱ्यापासून पीक विम्यापर्यंत. विदर्भात ऊन उतरल्याशिवाय शाळा उघडत नाहीत, म्हणून मोठ्या पोरांच्या शाळेसोबत जूनच्या शेवटीच चिऊला नेलं. तेव्हा ती तीन वर्षं दोन महिन्यांची होती.

त्याआधी तालुक्याची एक नर्सरीही पाहून आले होते. सकाळी साडेसातला व्हॅन, एका व्हॅनमध्ये अकरा पोरं, भिंतीवर इंग्रजी कविता. तिथली एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. दारातच पाटी होती की ताप असलेल्या मुलाला आणू नये, आणि ती पाळलीही जात होती. पण तीन वर्षांच्या लेकराचा येण्याजाण्याचा दीड तास मला पटला नाही. अंगणवाडी आमच्या घरापासून चार घरं सोडून आहे. चिऊ रडली तर आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ओट्यावर ऐकू येतं.

आधी चांगलं सांगते. सेविका ताईंना प्रत्येक लेकराचं घर माहीत आहे, नुसता पत्ता नाही. कुणाचा बाप बाहेरगावी आहे, कुणाच्या घरी नवं बाळ आलं आहे, कोण अंडं खात नाही, सगळं ठाऊक. पहिले पाच दिवस चिऊ दाराची चौकट सोडत नव्हती. तिला कुणी ओढून आत बसवलं नाही. मदतनीस मावशी तिच्याजवळ उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडायच्या आणि एक मूठ तिच्या हातात द्यायच्या. सहाव्या दिवशी ती आपणहून आत गेली. गरम आहार बचत गटाच्या बाया करतात. खिचडी, चवळीची उसळ, कधी लापशी. घरी वरणातली मिरची दिसली तरी ताट सारणारी पोरगी तिथं मटकी खाते.

दर महिन्याला वजन होतं आणि ते तक्त्यावर मांडतात. याचं महत्त्व मला जुलैनंतर कळलं. जूनमध्ये चिऊ १२ किलो ४०० ग्रॅम होती, हगवणीनंतर ११ किलो ८०० भरली. मला वाटत होतं, जरा सुकली आहे इतकंच. ताईंनी तक्त्यावर रेघ खाली वळलेली दाखवली आणि म्हणाल्या, "दुखणं गेल्यावर दोन आठवडे हिले एक जेवण जास्तीचं द्या. वरून तूप, नाई तं तेल." ऑक्टोबरात ती १२ किलो ९०० झाली. ऑगस्टच्या जंतनाशक गोळीच्या दिवशी चिऊला ताप होता, तर त्यांनी गोळी दिली नाही, नंतरच्या फेरीत आठवणीनं दिली. हे सगळं करणाऱ्या बाईला पगार नाही, मानधन मिळतं, आणि निम्मा दिवस मोबाईलमध्ये फोटो आणि हजेरी भरण्यात जातो. हे मला फार लागतं.

आता दुखण्यांचं.

हगवण जुलैत आली. पाऊस पडून हातपंपाभोवती डबकं साचलं होतं आणि त्याच आठवड्यात सहा लेकरांना लागली. अंगणवाडीत पाण्याचा एक माठ आणि त्यावर एकच स्टीलचा गिलास. सगळ्यांनी त्यातून प्यायचं, तोंड लावून. हात पुसायला एकच पंचा, तोही दिवसभर ओला. आशाताईंनी ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या घरी आणून दिल्या, पैसे नाहीत. पण घरात चूक झाली. आत्याबाईंनी अख्खं पाकीट एका गिलासात घोळलं. पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाकायचं असतं आणि २४ तासांच्या आत संपवायचं, उरलं तर फेकायचं. कमी पाण्यात केलं तर ते खारट होतं आणि लेकराला उलट अपाय होतो. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून रोज एक, पूर्ण १४ दिवस. हगवण तिसऱ्या दिवशी थांबली तरी गोळी थांबवायची नाही. गावातले एक डॉक्टर अशा वेळी लगेच सुई आणि सलाईन सुचवतात. आम्ही नेलं नाही. आर्वीच्या बालरोगतज्ज्ञांनी तोंडानं पाणी पाजत राहा एवढंच सांगितलं.

त्यांनीच तापाच्या औषधाचं समजावलं. पॅरासिटामॉलच्या पातळ औषधाच्या दोन बाटल्या मिळतात, एकीत ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम, दुसरीत २५०. आमच्या घरी दोन्ही होत्या आणि झाकणं सारखीच. "एक चमचा दे" म्हटलं की कुठल्या बाटलीतला, हे कोण विचारतं? डोस वजनावर असतो, किलोमागे १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत किमान चार तास. मी त्या दिवशी २५० ची बाटली बाजूला काढली आणि उरलेलीवर पेनानं चिऊचा डोस लिहिला.

आणि आता जे सांगायला मला जड जातं ते. जुलैच्या शेवटी पीक विम्याची मुदत संपत होती. केंद्रावर सकाळी आठपासून रांग. चिऊला रात्री ताप येऊन गेला होता, सकाळी अंग कोमट होतं. मी तिला तापाचं औषध पाजलं आणि अंगणवाडीत नेऊन बसवलं. ताईंना काही बोलले नाही. दुपारी मावशी तिला खांद्यावर घेऊन केंद्रात आल्या. अंग चटके देत होतं. रांगेतल्या माणसांनी वाट करून दिली. मावशी एवढंच म्हणाल्या, "सांगून ठेवायचं असतं व, बाई. मी तिले दुसऱ्या पोरायपासून दूर निजवलं असतं." त्या आठवड्यात आणखी चार लेकरांना ताप आला. चिऊमुळेच आला असं कुणी म्हटलं नाही. मला मात्र ते माहीत आहे.

म्हणून "आजारी मुलं का पाठवतात लोक" असं मी आता कुणाला विचारू शकत नाही. निंदणाच्या दिवसांत बाई घरी राहिली की रोज बुडतो. वेचणीत तर मजुरी किलोवर असते, अर्धा दिवस गेला की अर्धं पोट गेलं. नर्सरीच्या दारावरची ती पाटी चांगली आहे, पण ती पाळायला घरात कुणीतरी रिकामं लागतं. आमच्याकडे आत्याबाई आहेत. ज्यांच्याकडे नाहीत, त्यांनी काय करायचं? अंगणवाडीनं यावर नियम काही केलेला नाही, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. कुणाला घरी ठेवायचं, कुठवर ठेवायचं, हे ताईंच्या तोंडी सांगण्यावर चालतं. एखादी आई भांडली की ताई नमतं घेतात. दुसऱ्या दिवशी तिच्याच दारावरून जायचं असतं त्यांना.

एकदा मात्र त्यांनी नमतं घेतलं नाही. पोळ्याच्या चार दिवस आधी चिऊनं सकाळी दूध थुंकलं आणि तोंडात बोट घालून रडायला लागली. जिभेवर आणि गालाच्या आत फोड, तळहातावर लाल ठिपके. मी घाबरून कांजिण्या समजले. ताईंनी टॉर्च लावून पाहिलं आणि लगेच बाकीच्या पोरांचे तळहात पालथे-उताणे करून तपासले. आणखी तिघांना होते. चौघांनाही तिथूनच घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, हे हात-पाय-तोंडाचं दुखणं, विषाणूचं. अँटिबायोटिकचा उपयोग नाही, सात ते दहा दिवसांत आपोआप जातं. थुंकीतून, फोडातल्या पाण्यातून आणि शीतून पसरतं, आणि शीतून तर पुढे काही आठवडे. सॅनिटायझरवर विसंबू नका, साबणानं हात धुवा.

त्या चौघांतली एक पोरगी आमच्या मागच्या आळीतली. तिची आई अंगणवाडीच्या दारात उभी राहून बोलत होती, "मी घरी बसीन तं रोज कोन देईन मले? तापही नाई हाये तिले!" ताई म्हणाल्या, "देनार कोनी नाई, मले मालूम हाये. पन घेनार नाई मी तिले, बारा पोरं बसले हायेत आत." दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं. आत्याबाई ओट्यावरून ऐकत होत्या. त्यांनी हाक मारली, "तिले इथं टाक वं. हिलेही तेच झालं, आता काय लागनार हाये एकमेकीले?"

ती पोरगी आठ दिवस आमच्याकडे राहायला यायची. सकाळी सातला आई सोडून जायची, संध्याकाळी पदराला बांधलेलं काहीतरी घेऊन यायची, कधी काकडी, कधी शेंगा. दोघींना तिखट-खारट लागत नव्हतं, म्हणून दहीभात आणि गार पेज. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल मिरवतात तेव्हा, दोघींना गावातल्या मिरवणुकीत नेता आलं नाही. मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, वाड्यातून माझ्या नवऱ्याचा जुना लाकडी बैल काढला, एका चाकाला खिळा ठोकला आणि अंगणातच तोरण बांधलं. दोघींनी एकच दोर धरून बैल तोरणाखालून नेला. आत्याबाईंनी दोघींना ओवाळलं आणि हातावर दहा-दहा रुपये ठेवले. बैलाचे फोटो आहेत, पोरींचे नाहीत. तोंडाभोवती फोड होते म्हणून मी काढले नाहीत, आता वाटतं काढायला हवे होते.

सप्टेंबरच्या शेवटी चिऊच्या दोन बोटांची नखं मुळापासून सुटू लागली. मी पुन्हा डॉक्टरांकडे धावले. फोडांच्या या दुखण्यानंतर काही आठवड्यांनी असं होऊ शकतं, खालून नवं नख येतं, काही करायचं नाही. तसंच झालं. कुणाच्या लेकराला असं दिसलं तर घाबरू नका म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

खोकला ऑक्टोबरचा. तेव्हा मी श्वास मोजायला शिकले होते. लेकरू झोपलेलं असताना सदरा वर करून, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त असेल, किंवा फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही, निघायचं. चिऊचा ३४ भरला आणि मी पहाटेपर्यंत झोपले. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदाच पोरांत मिसळलेल्या लेकराला वर्षात आठ-दहा वेळा सर्दी-खोकला होणं नेहमीचं आहे. त्यांचा हिशेब मी त्या दिवसापासून धरून आहे.

तक्रारी सांगून झाल्यावर ताईंनी काय केलं, तेही सांगायला हवं. हगवणीनंतर मी आणि दोघी आया गेलो आणि गिलासाचं बोललो. त्यांना राग आला नाही. दुसऱ्या सोमवारपासून प्रत्येक लेकराचा आपापला गिलास, बुडाला नेलपॉलिशची खूण. चिऊचा लाल टिंब. पंचा बंद झाला, आता प्रत्येकाच्या फ्रॉकला किंवा सदऱ्याला सेफ्टी पिननं रुमाल. खिचडीआधी मावशी बादली आणि साबण घेऊन दारात बसतात. हात धुतल्याशिवाय ताट नाही. माठाला ओगराळं आलं.

खोली मात्र तशीच आहे. एक खिडकी, आणि तिचं झडप पावसानं फुगून बसलेलं, उघडत नाही. पाऊस असला की वीस लेकरं बंद खोलीत. शौचालय आहे, त्यात पाणी नाही. ग्रामपंचायतीला दोनदा अर्ज दिला, पोच माझ्याकडे आहे. तिसऱ्या अर्जावर बारा आयांच्या सह्या घेतल्या, त्यातली पहिली सही मागच्या आळीतल्या त्या आईची.

पुढच्या जूनमध्ये घालणार असाल तर आपला गिलास, दोन रुमाल आणि एक जास्तीचा फ्रॉक किंवा सदरा पहिल्याच दिवशी द्या. लसीकरणाचं कार्ड ताईंना दाखवून राहिलेला डोस आधी घ्या. घरी ओआरएसची पाकिटं आणि एक लिटरची खूण केलेलं भांडं ठेवा. आणि रात्री ताप येऊन गेला असेल तर सकाळी दारातच सांगा. मावशी त्या लेकराची सतरंजी दाराजवळ, वाऱ्याला टाकतात. घरी आजी नसेल तर आमच्या ओट्यावर या. आत्याबाई म्हणाल्या आहेत, सांगून दे सगळ्यांना.