जुनोनीतलं भाड्याचं बेदाणा शेड, आमचा अनुभव, ५ पैकी ३.५ स्टार

आमची तासगाव तालुक्यात दोन एकर सोनाका जातीची द्राक्षबाग. मार्चमध्ये सगळ्यांच्या बागा एकदमच आल्या, व्यापारी रोज दर पाडून मागायला लागला आणि नंतर तर फोनच उचलेना, तेव्हा वडील म्हणाले आता द्राक्षं वाळवून बेदाणा करायला शेडलाच न्यायची. जुनोनी, नागजकडं हवा कोरडी आणि वारा मोकळा, म्हणून आपल्याकडचे बरेच जण तिकडंच जातात.

कामगार एक नंबर. डिपिंग ऑइल (द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून वापरतात ते) आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात क्रेट बुडवला की लगेच रॅकवर पातळ पसरतात, थर जाड होऊ देत नाहीत, त्यामुळं माल काळा पडला नाही आणि अठराव्या दिवशी झाडून काढला तेव्हा रंग बघून वडील खूश झाले. वजन आमच्यासमोर, १५ किलोचे बॉक्स भरून.

स्टार कापले ते पावसामुळं. एका रात्री अवकाळी आला, शेडच्या बाजूचे प्लास्टिकचे कागद खाली सोडायला उशीर झाला आणि कडेच्या रॅकवरचा माल डागी झाला. आम्हाला कळवलं सकाळी. भाड्यात एक रुपया कमी केला नाही, हे पटलं नाही.

पैशाचं मात्र नीट ऐका, कारण पडलेल्या दराला शेड हा उपाय आहे असं सगळे सांगतात. साधारण ४ किलो द्राक्षाचा १ किलो बेदाणा होतो. द्राक्ष २० रुपयांनी धरलं तरी किलोमागं ८० रुपये नुसत्या द्राक्षाचे झाले, वर शेडभाडं, ऑइल, गंधक, मजुरी, बॉक्स, गाडी, आणि हे सगळं रोख. त्यात मार्चएंडला सोसायटीचं पीककर्ज भरायचं, औषधाच्या दुकानाची उधारी वेगळीच, शेवटी दुभती म्हैस विकून ॲडव्हान्स दिला. आणि दर पडला की सगळेच बेदाणा करतात, मग बेदाण्याच्या सौद्यात म्हणजे लिलावातपण तीच गर्दी. ज्याच्याकडं दोन-तीन महिने थांबायला पैसा आहे त्यालाच शेड परवडतं, आमच्यासारख्याला कोल्ड स्टोरेजचं भाडंसुद्धा जड जातं. बाजार समितीच्या शेतमाल तारण कर्जात बेदाणा बसतो, ठेवलेल्या मालावर उचल मिळते, हे आम्हाला कळलं तोवर निम्मा माल पडत्या दरात गेला होता.

पुढच्या वर्षी परत याच शेडला नेणार, काम चांगलंच आहे. पण रात्री कागद कोण सोडणार ते आधी ठरवून, आणि तारणाची कागदपत्रं फेब्रुवारीतच तयार ठेवून.