सोळा तासांचं पुस्तक, साडेतीन खेपा आणि पेटीत बोलणारा परग्रहवासी

कोल्हापूर-पुणे एका खेपेला साडेचार तास, रस्त्याची कामं चालू असली की पाच-साडेपाच. शुक्रवारी संध्याकाळी घरी आणि सोमवारी पहाटे परत, असं तीन वर्षं चाललंय आणि बहुतेक वेळा गाडीत मी एकटीच. आधी गाणी ऐकायचे, मग पॉडकास्ट, मग एका मैत्रिणीने ऑडिओबुक लावून दिलं आणि तेव्हापासून दुसरं काही लागतच नाही. त्यातही सायन्स फिक्शन आणि फॅन्टसीच. त्यामुळे पुस्तक किती मोठं आहे हे मी आता खेपांमध्ये मोजते. "प्रोजेक्ट हेल मेरी" सोळा तास दहा मिनिटांचं म्हणजे साडेतीन खेपा. "ड्यून" एकवीस तास, म्हणजे पावणेपाच.

सुरुवातीलाच सांगते, या प्रकारात लेखक बघून ऑडिओबुक घेऊ नका, वाचणारा बघून घ्या. साध्या कादंबरीत वाचणारा ठीकठाक असला तरी चालून जातं कारण चहा म्हणजे चहा, रिक्षा म्हणजे रिक्षा, आपल्याला ते माहीतच असतं. इथे मात्र सगळं नवीन, माणसांची नावं, ग्रहांची नावं, राजघराणी, अख्खी भाषाच कुणीतरी बनवलेली, आणि छापील पुस्तकात जो नकाशा असतो, मागे शब्दार्थांची यादी असते, दोन पानं उलटून "हा कोण होता बरं" बघायची सोय असते ती यात नसते. हे सगळं एका आवाजाने भरून काढायचं असतं. ज्याला जमलं त्याचं पुस्तक छापील प्रतीपेक्षाही भारी होतं आणि ज्याला नाही जमलं त्याचं तुम्ही दुसऱ्या तासाला बंद करता.

जमण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे हे हेल मेरी. लेखक अँडी विअर, २०२१ चं पुस्तक, वाचलंय रे पोर्टरने. २०२२ मध्ये ऑडी पुरस्कारांमध्ये (हे ऑडिओबुकांसाठीच असतात) वर्षातलं सर्वोत्कृष्ट ऑडिओबुक ठरलं होतं, आणि ऐकल्यावर कळतं का ठरलं. गोष्ट अशी की एक माणूस जागा होतो, आपलं नाव काय, आपण कुठे आहोत काही आठवत नाही, शेजारी दोन मृतदेह. हळूहळू त्याला कळतं की आपण अवकाशयानात आहोत, सूर्यापासून खूप लांब, आणि आपल्या सूर्याची ऊर्जा खाणाऱ्या एका सूक्ष्मजीवावर उपाय शोधायला आपल्याला पाठवलंय. हा माणूस मुळात शाळेतला सायन्सचा मास्तर आहे आणि पूर्ण पुस्तक तो "मी" म्हणून सांगतो, स्वतःशी बडबडतो, चुकतो, परत गणित करतो. त्यामुळे पोर्टर वाचतोय असं वाटतच नाही, बाजूच्या सीटवर बसून कुणीतरी आपल्याला काल काय झालं ते सांगतंय असं वाटतं.

सुरुवातीला एक प्रसंग आहे, त्याला शंका येते की इथलं गुरुत्वाकर्षण काहीतरी वेगळंच आहे, म्हणून तो वस्तू खाली टाकून वेळ मोजतो, गणित करतो आणि उत्तर ९.८ च्या ऐवजी १५ येतं. म्हणजे आपण पृथ्वीवर नाही. मी हे कराडच्या आसपास ऐकत होते आणि अकरावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमधला लंबक डोळ्यासमोर आला. गाडी चालवताना कानावर आकडे पडले की डोक्यात राहत नाहीत हा माझा नेहमीचा अनुभव, पण इथे पोर्टर आकड्यापाशी किंचित थांबतो, जणू तो स्वतःच आत्ता पहिल्यांदा बघतोय, आणि त्या थांबण्यात आपलंही गणित होऊन जातं. मोठी गोष्ट आहे ही. शिकवणाऱ्या चांगल्या माणसाकडे असतं ना ते, तसं.

आता थोडं फोडावं लागेल, ज्यांना अजिबात काही कळू द्यायचं नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा.

यात एक परग्रहवासी भेटतो, रॉकी. पाच हातपाय, कोळ्यासारखा, अंगावर दगडासारखं कवच, डोळे नाहीत, सगळं आवाजावरून ओळखतो आणि बोलतो ते सुरांमध्ये. एकावेळी अनेक सूर, म्हणजे कॉर्ड. छापील पुस्तकात तिथे संगीताच्या स्वरांची चिन्हं छापलीत, बघून आपण "बरं, हा सुरात बोलतोय" असं समजून पुढे जातो. ऑडिओबुकात ते सूर खरोखर वाजतात. आणि मग जसजशी मास्तराला त्याची भाषा समजायला लागते तसतसे ते सूर मागे जातात आणि त्यावर पोर्टरच्या आवाजात शब्द येतात. म्हणजे भाषा शिकण्याची जी प्रक्रिया आहे ती आपल्या कानात घडते! पहिल्यांदा नुसता आवाज, मग आवाजाखाली अर्थ, आणि एका टप्प्यावर लक्षात येतं की आपण सूर ऐकणं सोडूनच दिलंय, थेट रॉकीच ऐकू येतोय. हे कागदावर होऊच शकत नाही. सिनेमातही असं होईल असं मला वाटत नाही कारण तिथे डोळे मध्ये येतात.

एकदा आई सोबत होती, तिला डॉक्टरकडे पुण्याला आणत होते. तिला इंग्रजी फारसं कळत नाही म्हणून मी बंद करणार होते तेवढ्यात रॉकीचे सूर वाजले आणि ती म्हणाली, "हे पेटीगत काय वाजायलंय गं?" मग मी तिला साताऱ्यापर्यंत गोष्ट सांगितली, की दोघं दोन वेगळ्या ताऱ्यांकडून आलेत, दोघांचेही सूर्य मरायला लागलेत, एकाला ऑक्सिजन लागतो आणि दुसऱ्याला अमोनिया, एकाच्या हवेत दुसरा जगू शकत नाही म्हणून मध्ये भिंत घालून शेजारी शेजारी राहतात. तिने सगळं ऐकून घेतलं. पुढे तासाभराने, मी विसरले पण होते, तिने विचारलं, "तो पेटीवाला बरा हाय न्हवं?" शब्द एक कळत नव्हता तिला, पण तो सुरांचा उतार बदलला होता, रॉकी घाबरला होता, आणि तिला ते ऐकू आलं होतं. एवढं काम केलंय त्या साउंडवाल्यांनी.

एक सूचना, हे पुस्तक साध्या स्पीडलाच ऐका. मी बाकी सगळं १.२ वर ऐकते पण इथे सुरांची मजा जाते.

आता "ड्यून". फ्रँक हर्बर्टचं १९६५ चं पुस्तक, मी ऐकलेलं रेकॉर्डिंग २००७ चं, त्यात स्कॉट ब्रिक, सायमन व्हान्स, युआन मॉर्टन वगैरे बरेच आवाज आहेत. इथे गंमत अशी की काही प्रकरणांमध्ये प्रत्येक पात्राला वेगळा कलाकार, मागे वारा, संगीत, अगदी आकाशवाणीच्या श्रुतिकेसारखं, आणि पुढच्याच प्रकरणात एकच माणूस सगळे आवाज काढतो. म्हणजे कालपर्यंत जो बॅरन, गोष्टीतला खलनायक, घोगऱ्या आवाजात बोलत होता तो आज वेगळाच माणूस वाटतो. सुरुवातीला मला वाटलं माझ्याकडून एखादं प्रकरण सुटलं. आणि या पुस्तकात मनातल्या मनात बोलणं भयंकर आहे, प्रत्येक जण दुसऱ्याला जोखतोय, तोंडाने एक आणि मनात एक, छापील पुस्तकात ते तिरप्या अक्षरात असतं म्हणून लगेच कळतं. कानाला ते कळायला आवाजातला फरक लागतो आणि जिथे एकटा सायमन व्हान्स वाचतो तिथे तो फरक तो फार सुंदर करतो. त्यामुळे माझं स्पष्ट मत, एवढे कलाकार नसते आणि पूर्ण पुस्तक त्या एकट्याने वाचलं असतं तर जास्त चांगलं झालं असतं. तरी एक फायदा मोठा आहे, नावं. मी कॉलेजात हे पुस्तक अर्धवट सोडलं होतं ते नावांमुळेच, क्विसात्झ हादेराख आणि बेने गेसेरिट दिसलं की डोळा पुढे सरकायचा. कानाने ऐकल्यावर ती नावं पाठ झाली. पण घरी छापील प्रत असू द्या, मागची शब्दांची यादी लागते.

टॉल्किनच्या "लॉर्ड ऑफ द रिंग्ज"चे दोन आवाज प्रसिद्ध आहेत. रॉब इंग्लिसचं १९९० चं आणि अँडी सर्किसचं २०२१ चं. सर्किस म्हणजे या पुस्तकावरच्या सिनेमात गॉलम नावाचं पात्र करणारा नट. त्याने २०२० च्या लॉकडाउनमध्ये टॉल्किनचंच "द हॉबिट" अख्खं पुस्तक सलग अकरा तासांहून जास्त ऑनलाइन वाचून मदतीसाठी पैसे उभे केले होते, त्यातूनच पुढे ही रेकॉर्डिंग झाली. सर्किस सगळं अंगात आणून करतो, प्रत्येक पात्र समोर उभं राहतं, लढाई आली की श्वास चढतो. इंग्लिस मात्र शेकोटीपाशी बसलेल्या आजोबांसारखा सांगतो आणि पुस्तकातली गाणी चाल लावून गातो. बहुतेक लोक सर्किसचं नाव घेतील पण मी इंग्लिसकडे वळते, पुन्हा पुन्हा. आपल्याकडे शंकर पाटील, मिरासदार यांचं कथाकथन ऐकत मोठे झालेल्यांना कळेल मी काय म्हणते ते, सांगणारा माणूस गोष्टीत पूर्ण घुसत नाही, थोडा बाहेर राहतो, आणि म्हणून आपल्याला आत जायला जागा मिळते. शिवाय एक व्यावहारिक गोष्ट, सर्किसचा गॉलम कुजबुजतो तेव्हा हायवेवर टायरच्या आवाजात काही ऐकू येत नाही, आवाज वाढवावा तर पुढच्या वाक्याला कुणीतरी ओरडतं. हा त्याचा दोष नाही, ते हेडफोन लावून घरी ऐकायचंच काम आहे.

आणि घरीच ऐकायचं अजून एक, सुझाना क्लार्कचं "पिरानेसी", वाचणारा चुएटेल एजिओफॉर. जेमतेम सात तास. एक माणूस एका अफाट घरात राहतो, दालनांमागून दालनं, सगळीकडे पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र, भरती-ओहोटी, आणि आजवर जगात फक्त १५ माणसं होऊन गेली असं त्याचं ठाम मत. मी हे आधी वाचलं होतं. छापील पुस्तकात तो घर, दालन, पुतळा असे शब्द मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू करतो, जणू ती देवांची नावं आहेत. देवनागरीत तर ही सोयच नाही, त्यामुळे मराठीत हे कसं आणायचं असा विचार वाचतानाच डोक्यात आला होता. एजिओफॉर ते नुसत्या आवाजाने करतो. जोर देत नाही, थांबत नाही, फक्त तो शब्द थोडा खाली, हळुवार ठेवतो, देव्हाऱ्यात मूर्ती ठेवतात तसा. मी दोन रात्री अंधारात पडून ऐकलं आणि दुसऱ्या रात्री शेवटी रडले, वाचताना नव्हते रडले.

मराठीत काय, असं विचाराल तर वाईट वाटतं. म्हणजे ऐकायला मराठी पुस्तकं मिळत नाहीत असं नाही, स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी ऑडिओबुकला चांगले दिवस आलेत. पण विज्ञानकथेला जी मेहनत लागते ती दिसत नाही. एका ॲपवर, नाव नाही घेत, मी एक मराठी विज्ञानकथा ऐकायला घेतली तर वाचणाऱ्याने न्यूट्रिनो आणि न्यूट्रॉन एकच समजून वाचलं होतं, एकदा हे एकदा ते, आणि कथेचा सगळा डोलारा त्या फरकावर होता. कुणीतरी रेकॉर्डिंगच्या आधी पाच मिनिटं विचारून घ्यायला हवं होतं एवढंच. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत "कृष्णविवर" ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपलं नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. पन्नास वर्षं झाली त्याला. एवढी जुनी आणि एवढी स्वच्छ परंपरा आहे आपली, लक्ष्मण लोंढे आहेत, बाळ फोंडके आहेत, आणि नभोनाट्यात मुरलेले आवाज आहेत आपल्याकडे. नारळीकरांचं "यक्षांची देणगी" एखाद्या तयार आवाजात, नीट साउंड करून मिळालं तर मी दुसऱ्यांदा पैसे देऊन घेईन आणि आईला पहिल्या मिनिटापासून ऐकवीन, मला मध्ये गोष्ट सांगत बसावं लागणार नाही.

नवीन लोकांनी सुरुवात हेल मेरीने करा. गाडीत ऐकणार असाल तर निघायच्या आधी डाउनलोड करा, पुण्याकडे येताना खंबाटकीच्या बोगद्यात नेट जातं आणि नेमकं तिथेच काहीतरी महत्त्वाचं चाललेलं असतं. मी या शुक्रवारी "व्हील ऑफ टाइम" सुरू करतेय, मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग यांचं, हे दोघं नवरा-बायको आहेत आणि पुरुषांच्या नजरेतली प्रकरणं तो वाचतो, बायकांच्या नजरेतली ती. पहिलाच भाग तीस तासांचा, असे चौदा. दिवाळीपर्यंत तीन होतील.