ईसीजी आणि टूडी एको तपासणी केंद्र: संकोच जपणारी सेवा

सासूबाईंना जिना चढताना धाप लागू लागल्याने डॉक्टरांनी ईसीजी (हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख) आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेण्यास सांगितले, म्हणून आम्ही नाशिकमधील आमच्या घराजवळच्या एका लहान निदान केंद्रात गेलो. तेथील दर इतर केंद्रांसारखेच आहेत. आवर्जून लिहावेसे वाटते ते तेथील वागणुकीविषयी.

ईसीजीसाठी हातापायांना चार आणि छातीवर सहा इलेक्ट्रोड (लहरी टिपणारी टोके) लावतात व त्यांतले शेवटचे तीन डाव्या स्तनाखालून काखेच्या दिशेने जातात, त्यामुळे ब्लाउज अंगावर ठेवून ही तपासणी नीट होत नाही. घाईत ब्लाउज नुसता वर सरकवून इलेक्ट्रोड भलत्याच जागी लावले, तर आलेख फसवा येऊ शकतो. शिवाय संकोचाने अंग आकसून धरले की स्नायूंची थरथरही त्यात उतरते. नीट आडोसा मिळणे हा म्हणूनच अहवालाच्या अचूकतेचाही प्रश्न आहे, हे फार थोडी केंद्रे ध्यानात घेतात.

येथील तंत्रज्ञ ताईंनी पुढून उघडणारा सुती गाऊन दिला, "आजी, सावकाश बदला, झालं की मला हाक मारा," असे सांगून त्या बाहेर थांबल्या, आणि आत आल्यावर कडी लावून चादरीखाली लागेल तेवढाच भाग उघडा केला. एको करणारे डॉक्टर पुरुष होते. या तपासणीत डाव्या कुशीवर, हात डोक्याकडे घेऊन बराच वेळ पडून राहावे लागते आणि बरगड्यांमध्ये प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचे हातात धरायचे उपकरण, जेल लावून दाबून धरला जातो. डॉक्टरांनी हे आधी समजावून सांगितले, सासूबाईंची संमती विचारली, आणि ताई शेवटपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असताना दुसरी स्त्री हजर असावी, हा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेतही आहे. येथे मात्र आम्हाला तो मागावा लागला नाही. जेल पुसण्याचा कागदही त्यांनी सासूबाईंच्याच हाती दिला, याचे मला विशेष कौतुक वाटले.

दोन गोष्टी सुधारायला हव्यात. नोंदणीच्या खिडकीवर रुग्णाचा त्रास सर्वांसमक्ष मोठ्याने विचारला जातो, तो लिहून घेता येईल. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: त्याच दिवशी सासऱ्यांचा ईसीजी काढताना पडदा अर्धा उघडाच होता. पुरुषाला कसला संकोच, असे धरून चालणे योग्य नाही. सासरे बोलले काहीच नाहीत, पण त्यांनी शर्ट छातीशी घट्ट धरून ठेवला होता. हे व्यवस्थापकांच्या कानी घातल्यावर त्यांनी लगेच पडदा पूर्ण ओढून घेतला.

महिला तंत्रज्ञ येथे दुपारपर्यंतच असतात, त्यामुळे स्त्री रुग्णांसाठी सकाळची वेळ घ्यावी आणि साडीऐवजी पुढून उघडणारा सैल कुर्ता चालत असेल, तर तो घालून जावे.